मामा, वायपर अजून चालू होतो

मामा, नमस्कार.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर लांबलचक काही पाठवलं की उत्तरादाखल नुसता अंगठा येतो. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते. नातवाकडून वाचून घ्या.

मला सांगलीत परत येऊन वर्ष झालं. 2016 ते 2024 जर्मनीत, श्टुटगार्टला होते. आले तेव्हा 2003 साली काढलेलं माझं लायसन्स संपून वर्ष उलटलं होतं, म्हणजे नुसतं रिन्यू करून भागणार नव्हतं, पुन्हा ट्रायल द्यायची होती. त्यात आईचं डायलिसिस मिरजेला, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मशीनवरून उठली की तिचा बीपी उतरतो, पाय लटपटतात. अशा अवस्थेत तिला धरून भर उन्हात रिक्षाची वाट बघितली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या ड्रायव्हिंग क्लासच्या दारात आले.

गाडी येत नव्हती असं नाही. तिकडे राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी आपलं लायसन्स चालत नाही. लेखी परीक्षा वेगळी, रस्त्यावरची वेगळी. दोन्ही दिल्या होत्या. ऑटोबानवर 150च्या स्पीडने गेलेली मी विश्रामबागच्या चौकात रडकुंडीला आले. गिअर टाकायला उजवा हात गेला तो दारावर आपटला. इंडिकेटर द्यायला गेले तर मे महिन्याच्या उन्हात कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला, कारण तिकडच्या गाड्यांत इंडिकेटर डाव्या हाताला. तुम्ही काच बघितली, वाकून आभाळ बघितलं आणि म्हणालात, "वळीव यायचाय अजून, ताई."

इतकी हसले की गाडी बंद पडली. त्याआधीचे कितीतरी महिने मी हसले नव्हते, हे तुम्हाला कुठून माहीत असणार!

मी 'सर' म्हणाले होते. "सर शाळंत. एस.टी.त जल्म गेला, सगळी मामाच म्हणत्यात."

तिकडे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतात. समोरचा थांबणारच असं धरून आठ वर्षं गाडी चालवली होती. इथे प्रत्येक चौकात मी सभ्यपणे थांबायची आणि मागचे हॉर्न मारून जीव खायचे. तुम्ही म्हणालात, "इंडिकेटरकडं बगू नगा. माणसाच्या तोंडाकडं तर अजिबात बगू नगा. पुढचं चाक बगा. चाक आधी वळतंय, माणूस मागनं ठरवतोय." मी चाकं बघायला लागले. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, उसाचा ट्रॅक्टर, तिघांना घेऊन चाललेली स्कूटी. आठवड्याभरात कोण कुठे घुसणार ते कळायला लागलं.

मग हेच मी नातेवाइकांवरही करून बघितलं. "काहीही लागलं तर हक्कानं सांग" म्हणणारे एक काका डायलिसिसच्या दिवशी फोन उचलत नाहीत. आणि "तिकडचं सोडून कशाला तडमडलीस?" म्हणून तोंडावर बोलणारी आत्या दर सोमवारी न चुकता भाकरी-पिठल्याचा डबा पाठवते. तोंडाकडे बघत बसले असते तर आत्या मला कधी कळलीच नसती.

तुमच्यावर एकदा मात केली होती, आठवतं का? लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, ही तिकडची घोकून घेतलेली सवय. आरशात न दिसलेला सायकलवाला मला दिसला. तुम्ही म्हणालात, "हे बेस हाय. हे सोडू नगा." मग बाकीच्या पोरांनाही ते शिकवायला लागलात, असं ऐकलं.

खरे आभार मात्र आयर्विन पुलासाठी मानायचेत. परत का आले, हे त्या दिवसांत मला सगळे विचारत होते. भाजीवाली, बँकेतला क्लार्क, आईच्या शेजारच्या बेडवरचे पेशंट. मी आईचं कारण सांगायची. ते खरं होतं, पण अर्धंच. तुम्ही विचारलं नाहीत. एका संध्याकाळी पुलावर गाड्या तुंबल्या, खाली कृष्णा संथ, आणि मीच बोलून बसले की घटस्फोट झालाय, तिकडचं घर मोडलंय, इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही समोर बघत ऐकलंत. रस्ता मोकळा झाला तसे म्हणालात, "फस्ट टाका. क्लच सावकाश." पूल ओलांडेपर्यंत आणखी एक शब्द नाही. काही बोलला असतात तर दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला आले नसते.

2019च्या महापुरात आई वरच्या मजल्यावर अडकली होती आणि मी श्टुटगार्टमध्ये फोनवर आमच्या गल्लीतलं पाणी बघत रात्र काढली. गेल्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं, जो तो "आयर्विनला किती फूट?" विचारत होता. 40 फुटांची इशारा पातळी गाठायची मी वाट बघितली नाही. आईला, तिच्या फायली, औषधं आणि देव गाडीत घालून मिरजेत मैत्रिणीकडे नेऊन ठेवलं. लायसन्स हातात येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पाऊस धो-धो होता आणि वायपर लावायला गेले तर इंडिकेटर लागला! तेवढ्यातही वळीव आठवला.

बाकी ठीक आहे. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. रात्री अकरानंतर वाजणाऱ्या डॉल्बीवर अजून चिडते, ते काही जायचं नाही.

ठरल्यापेक्षा जास्त शिकवलेल्या पाच दिवसांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. शनिवारी डायलिसिस नसतं, आईला घेऊन येते. तिने तुमच्यासाठी करंज्या केल्यात. पैशांचा विषय तीच काढणार आहे. तिच्यापुढे तुमचं चालायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
वायपरवाली ताई