वधू पाहिजेच्या जाहिरातीत रंगाची अट छापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रविवारी वधू-वरचं जे पान येते त्याच्याबद्दल लिहायचं आहे, आणि आत्ताच लिहायचं आहे, कारण एकदा तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे बायोडाटे फिरायला लागतात अन् मग कोणी ऐकायच्या मनस्थितीत नसते. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी, पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो अन् बायोडाट्याचे फोटो, सगळंच करतो. पोरींच्या चेहऱ्याचं आपण काय करून राह्यलो ते मला रोज कॉम्प्युटरवर झूम करून दिसते, म्हणून हे पत्र.

बायोडाट्याच्या फोटोला पोरगी एकटी कधीच येत नाही. आई असते, मावशी असते, नाहीतर वहिनी. पोरगी बहुतेक वावरातून आलेली असते, सोयाबीनची सोंगणी नाहीतर कापसाची वेचणी सुरू असते त्या दिवसांत, तोंड धुऊन पावडर लावून बसते. फोटो काढून स्क्रीनवर दाखवला की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, थोडी गोरी करा न." मग मावशी खुर्ची पुढे ओढते, "नाक जाड दिसून राह्यलं, बारीक होते का?" मग दंड, मग गाल, मग हनुवटी. हे सगळं पोरीच्या समोर चाललेलं असते आणि ती ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत मुकाट ऐकत असते. कोणाला वाटतच नाही की आपण तिच्याबद्दल तिच्यासमोर बोलून राह्यलो.

आता हे करायला काहीच लागत नाही हो. ब्राइटनेस वाढवा, कातडी गुळगुळीत करायचं टूल फिरवा, नाक कंबर आत ढकला, पाच मिनिटांत दुसरीच पोरगी तयार. तो फोटो व्हॉट्सॲपवर दहा गावांत जातो, पाहुणे पाहायला येतात, चहा-पोहे होतात, आणि उठताना एखादी बाई बोलून जाते, "फोटोत तर उजळ दिसत होती." म्हणजे पोरीची बरोबरी तिच्याच खोट्या फोटोसोबत लावतात आणि त्यातही तिलाच नापास करतात! माझ्या स्टुडिओत मी बोर्ड लावला आहे की लाइट नीट लावून देईन पण रंग अन् चेहरा बदलून देणार नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे जातात, जाऊ द्या.

खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा पोरगी सावळी आहे म्हणून फोटो काळा येत नाही, फोटो चुकीचा काढला म्हणून येतो. कॅमेरा ऑटोवर असला की तो समोरचं सगळं मिळून मध्यम उजेडाचं करायला पाहतो, मागे पांढरी भिंत नाहीतर भर दुपारचं आभाळ असलं की तो उजेड कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. सावळ्या माणसाला खिडकीच्या बाजूच्या मऊ उजेडात उभं करा, चेहऱ्यावर फोकस ठेवून एक्स्पोजर थोडं वाढवा, त्या कातडीची जी चमक दिसते ती एडिट करून येतच नाही. पण हे शिकवते कोण? कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या जमान्यात लॅबवाले प्रिंटचे रंग जुळवायला एक नमुन्याचा फोटो वापरत, त्याला शर्ली कार्ड म्हणत, आणि त्यावर कित्येक वर्षं गोरी बाईच असायची. तिची कातडी बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर. वेगवेगळ्या रंगाच्या बायका असलेली कार्डं यायला 1990 चं दशक उजाडलं. आमच्या आया-आत्यांचे जुन्या अल्बममधले चेहरे नुसते काळे ठिपके दिसतात, त्याच्यात फिल्म अन् लॅबच्या अशा मापाचाही हात असेल हे मला फार उशिरा वाचून कळलं.

आणि आता ते माप मोबाइलमध्ये आलं. बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात ब्युटी मोड आधीपासूनच चालू असतो, रीलचे फिल्टर तर तोंड हललं तरी तोंडासोबत हलतात, डोळे मोठे, नाक बारीक, रंग दोन शेड वर. नववी-दहावीच्या पोरींना आपला चेहरा आरशापेक्षा ह्या फिल्टरमध्येच जास्त पाहायची सवय झाली आहे. शाळेचा ग्रुप फोटो दिला की पोरी म्हणतात, "भाऊ, माहा फोटो खराब आला, मी अशी दिसत नाही." आरशात तसंच दिसते बाई, काय सांगू तिला.

हा नुसता मनाला लागण्याचा विषय असता तरी मी लिहिलं असतं, पण हे तब्येतीवर गेलं आहे. चेहरा झूम केला की मला दिसते, गालावर लाल बारीक रेषा, कातडी पातळ झालेली, हनुवटीवर आधी नसलेली लव, कपाळावर पुरळ. विचारलं की कळते, गोरं व्हायला कोणीतरी सांगितलेली ट्यूब, मेडिकलमधून आणलेली. त्या ट्यूबमध्ये बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असते. सुरुवातीला आठ-पंधरा दिवस चेहरा खरंच उजळतो म्हणून पोरगी खूश होते, मग थांबवलं की आग होते, पुरळ येते, म्हणून ती परत लावते, आणि वरून आमचं 45 डिग्रीचं ऊन. 2018 पासून अशा स्टिरॉइडच्या क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा सरकारचा नियम आहे, तरी त्या मिळतात, आणि मैत्रिणी मैत्रिणींत एकच ट्यूब फिरते. बिननावाच्या डब्या तर त्याहून वाईट. आपल्या अकोल्यातलीच गोष्ट आहे, एका घरातल्या आई अन् मुलींच्या किडन्या पार्लरमधून आणलेल्या क्रीमने खराब झाल्या, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलपर्यंत प्रकरण गेलं तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीत रंग तयार होणं रोखते म्हणून घालतात, आणि तो कातडीतून रक्तात अन् किडनीत जातो. केरळातही मलप्पुरम भागात असेच किडनीचे रुग्ण सापडले. ही बातमी आली आणि गेली. माझ्या गावात दहा बायकांना विचारलं तर नऊ जणींना माहीत नसेल, पण कोणत्या क्रीमने हिरोईन गोरी झाली ते दहाही जणींना माहीत असते.

कोणी म्हणेल गोऱ्या रंगाचं वेड आपल्याकडे जुनंच आहे, त्यात पेपर-टीव्हीचा काय दोष. वेड जुनं आहे हे मान्य, पण त्याला रोज खतपाणी कोण घालते ते पण पाहा. आधी काळी म्हणून उदास, मग क्रीम लावून गोरी आणि लगेच नोकरी, लगेच नवरा, ह्या जाहिराती आपण वर्षानुवर्षं पाहिल्या. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये आली, तिच्या नावातला फेअर जायला 2020 उजाडलं. सावळा रंग कमी दर्जाचा दाखवायचा नाही असा जाहिरातवाल्यांच्या एएससीआय ह्या संस्थेचा नियम 2014 चा आहे, म्हणजे चुकतं आहे हे त्यांनाही कळलं होतं. आणि माध्यमांनी काही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांसाठी फिजी देशाचं उदाहरण आहे. तिथल्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही पोचला. त्या लोकांत अंगाने भरलेली बाई चांगली समजायचे. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही आला तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं तर वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणारी एकही नव्हती, 1998 मध्ये परत विचारलं तर 11 टक्के निघाल्या. तीन वर्षांत एवढं झालं.

आमच्याकडे तर मुळात पोरींच्या अंगात रक्त नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या 59 टक्के मुलींना ॲनिमिया निघाला. त्यांच्यातलीच एखादी रील पाहून रात्रीची भाकर सोडून देते, झिरो फिगर पाहिजे म्हणून. बायोडाट्यात उंची असते, वर्ण असतो, रक्तगट असतो, पण हिमोग्लोबिन किती हे कधी कोणी लिहिलेलं पाहिलं नाही मी, पाहुणेही विचारत नाहीत. पोरांचंही काही वेगळं नाही, सिक्स पॅकसाठी कोणतीही पावडर आणून खातात, पण त्यांना दिसण्यावरून सहसा कोणी लग्नात नाकारत नाही म्हणून ते वेगळ्या पत्रात.

एक पोरगी आहे आमच्या तालुक्यातली, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे डांबरी रोडवर पळते, 800 मीटरची वेळ कमी करून राह्यली आहे, दिवसा गोळाफेकीची प्रॅक्टिस, उन्हाने पार रापली आहे. भरतीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली तेव्हा ताठ बसली, फोटो पाहिला अन् म्हणाली, "मस्त आला भाऊ." त्याच पोरीला पंधरा-वीस दिवसांनी तिची काकू बायोडाट्याच्या फोटोला घेऊन आली. तीच खुर्ची, तोच लाइट, पण ह्या वेळी पोरगी खाली पाहत बसली होती, आणि काकू म्हणत होती, "पळून पळून काळी पडली न हे, आता फोटोत तरी काही करा." मी केलं नाही. पण पोरीचे खांदे पडले ते पडलेच, त्याचा राग मला आजही आहे.

म्हणून साहेब, माझी मागणी. वधू पाहिजेच्या जाहिरातीत गोरी, उजळ, स्लिम अशी अट आली तर ती छापू नका, काउंटरवरच सांगा की आमच्या पेपरात हे बसत नाही. शिक्षण छापा, नोकरी छापा, शेती किती ते छापा, लागलं तर रक्तगटही छापा. शादी डॉट कॉमने 2020 मध्ये लोकांनी ओरड केल्यावर रंगाचा फिल्टर काढून टाकला, त्यांचा धंदा बुडाला नाही, तुमचाही बुडणार नाही. दुसरं, पुरवणीत घरच्या घरी गोरं व्हायचे उपाय देणं बंद करा आणि त्या जागी स्टिरॉइड क्रीम कशी ओळखायची, ट्यूबवर कोणतं नाव दिसलं की ठेवून द्यायची, हे आपल्या भागातल्या एखाद्या स्किनच्या डॉक्टरकडून लिहून घ्या, तेही सोप्या भाषेत. तिसरं जमलं तर पाहा. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर एडिट करून बारीक-जाड केलं तर फोटोवर तसं लिहावं लागते, नॉर्वेतही 2022 पासून जाहिरातीतल्या एडिट केलेल्या शरीराला तशी पाटी लागते. आपल्याकडे सक्ती नसली तरी तुमच्या पुरवणीतल्या फोटोखाली तुम्ही आपणहून लिहू शकता, फोटो एडिट केलेला आहे. एवढी बारीक ओळ मावते.

तुम्ही रंगाची अट बंद करत असाल तर तसं वधू-वरच्या पानावर वरच्या चौकटीत ठळक छापा. ते कात्रण मी माझ्या बोर्डाच्या बाजूला लावीन आणि बायोडाट्याच्या फोटोला येणाऱ्या प्रत्येक मावशीला आधी ते वाचायला देईन.

आपला नियमित वाचक,
एक फोटो स्टुडिओवाला
जि. यवतमाळ