मनीची खुर्ची

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

मनी बरी आहे. हे आधीच सांगते. बाबा पत्र शेवटापासून वाचतात, म्हणून खालीही एकदा लिहीन.

फाफडा (हो, नव्या पिल्लाचं नाव तेच ठेवलं, रंगच तसा आहे) स्कूटरखाली भिजलेला सापडला, तेव्हा आई, तू फोनवर म्हणालीस, "दोघांना एका बशीत दूध घाल, गट्टी होईल." घातलं. मनी फिस्कारली, त्याच्या नाकावर एक पंजा दिला आणि माळ्यावर चढली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. वर दोघांची पोटं बिघडली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही. रागावू नकोस, पण दूध बंद.

मग पहिल्यापासून सुरुवात. फाफडा मागच्या खोलीत, दार बंद. रस्त्यावरचं पिल्लू काय आजार घेऊन येईल सांगता येत नाही, म्हणून पंधरा दिवस वेगळंच. जंतांचं औषध झालं, पहिली लसही. रेबीजची तीन महिन्यांचा झाल्यावर. मांजरं एकमेकांना वासाने ओळखतात, म्हणून एक जुना पंचा त्याच्या गालांवर चोळून मनीच्या ताटलीशेजारी ठेवला. पहिल्या दिवशी ती पंच्यावरच गुरगुरली. चौथ्या दिवशी त्यावर बसली. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, नंतर मधे नुसती जाळी. दोन मांजरांना वाळूचे ट्रे तीन हवेत म्हणे. आपल्या घरात माणसांना संडास एक!

ती फिस्कारली तरी ओरडायचं नाही, हे मला जड गेलं. अकरा वर्षं घर तिचं एकटीचं होतं. बाबांच्या आरामखुर्चीवर फाफडा चढला की मी त्याला उचलते. तुम्ही पुण्याला गेल्यापासून मनी तिथेच झोपते, आणि ती खुर्ची कुणाला द्यायची माझीही तयारी नाही.

काल दोघं एका खोलीत होती, चार हातांवर, दहा मिनिटं. तिने शेपटी आपटली, पण उठून गेली नाही.

नवरात्रात याल तेव्हा आधी मनीला जवळ घ्या, मग त्याला. गरब्याच्या भोंग्यांनी दोघं पलंगाखाली शिरतील. ओढून काढू नका.

तुमची लेक

ता. क. बाबा, मनी बरी आहे.