नवीन पोर्टला जरा वेळ द्या

संपादक साहेब, नवीन व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची स्पिरिट घातलेली गोड वाइन, एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची) लवकरच प्यायला छान लागते म्हणजे ती वर्षानुवर्षे टिकणारच नाही असं लोक सरसकट बोलतात, मला अजिबात पटत नाही. 1963 ची पोर्ट भारी आहे हे मान्यच, पण तेव्हा त्यात घालायचं स्पिरिट, म्हणजे द्राक्षांची कडक दारू, सरकारी नियंत्रणातून यायचं, उत्पादकाला निवडच नव्हती, 1990 च्या दशकात ते बदललं आणि चांगलं शुद्ध स्पिरिट मिळायला लागलं, म्हणून नवीन पोर्ट आता तरुणपणीच मऊ लागते. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा), साखर, 20 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, टिकायला लागतं ते सगळं आहेच की! 2011 ची 1963 शी आत्ताच तुलना करणं मला अन्यायच वाटतो.

– एक वाचक