पुस्तक एकच असू द्या, पण चार पाने आमच्यासाठी सोडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘सगळ्या देशाला एकच पाठ्यपुस्तक आणि एकच परीक्षा हवी’ अशी मागणी करणारे एका वाचकांचे पत्र आपल्याकडे वाचले. वाचले म्हणजे मोबाइलवर. कागदी अंक इथवर येत नाही. मी मध्य अंदमानात, रंगतजवळच्या एका निवासी शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवते. नोकरी नवी, पहिलीच नेमणूक. पत्रलेखकांचे म्हणणे मला निम्मे पटते. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

नेमणुकीचा कागद आला तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘काळ्या पाण्यावर चाललीस’ म्हणून निरोप दिला. त्यांचे चुकत नव्हते. मराठी माणसाचे अंदमान सेल्युलर जेलच्या फाटकातून सुरू होते आणि सावरकरांच्या कोठडीपाशी संपते. मीही आल्या आल्या तिथे जाऊन हात जोडून आले. पण माझी शाळा तिथून रस्त्याने दीडशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला. जेल असलेल्या त्या शहराचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, लोकांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे. आमच्या आजूबाजूच्या गावांची नावे सांगितली तर कोणालाही मी थट्टा करते असे वाटेल: पंचवटी, शबरी, मिथिला, जनकपूर, उर्मिलापूर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना जंगल तोडून इथे वसवले, त्या वसाहतींची ही नावे. ‘पंचवटीला जाऊन येते’ असे फोनवर म्हटले की आई अजूनही क्षणभर नाशिकच्या हिशेबात असते.

दिवस इथे लवकर सुरू होतो. मे-जूनमध्ये पाचच्या आसपास उजाडते आणि नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत सूर्य बुडतो, तेव्हा मुंबईत ऑफिसे सुटायची असतात. संध्याकाळचा अभ्यास म्हणजे खरे तर रात्रीचाच. वसतिगृहातल्या त्या अभ्यासाला माझी पाळी असते. मुले गणितेही माझ्याकडेच आणतात, कारण गणिताचे सर तोवर झोपायच्या तयारीत असतात. दीडशे मीटर लांबीची आगगाडी अमुक वेगाने फलाट ओलांडते, तर किती वेळ लागेल? या बेटांवर रेल्वे नाही. वर्गातल्या बहुतेकांनी ती फक्त पडद्यावर पाहिली आहे. उत्तर मुले बरोबर काढतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण गणित सुटल्यावर एकाने हळूच विचारले, “मॅडम, ट्रेन में भी उल्टी होता है?” त्याच्यासाठी प्रवास म्हणजे जहाज आणि जहाज म्हणजे पोटात ढवळणे. मला ते गणित बदलून टाकावेसे वाटले नाही. आगगाडीचे गणित त्यांना आलेच पाहिजे, उद्या ही मुले मेनलँडवर शिकायला जाणार आहेत. (इथे सगळे भारताच्या मुख्य भूमीला मेनलँडच म्हणतात. ‘सुट्टीत मेनलँडला गेला नाही का?’ हा मला रोज कोणीतरी विचारणारा प्रश्न.) इथपर्यंत मी पत्रलेखकांच्या बाजूची.

आता दुसरी बाजू. नववीच्या भूगोलात गुजरात आणि अरुणाचल यांच्या सूर्योदयात दोन तासांचा फरक पडतो असे वाक्य आहे. मुले ते पाठ करतात, एक गुण मिळवतात. मी सप्टेंबरातल्या एका उघड्या दिवशी मैदानात काठी रोवली आणि दर काही मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायला सांगितला. सर्वांत आखूड सावली पडली तेव्हा घड्याळात सव्वाअकराच्या आसपास वाजले होते. म्हणजे आमचा खरा मध्यान्ह. मग फळ्यावर हिशेब: मिर्झापूरजवळून जाणारे प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंश, रंगत साधारण त्र्याण्णव अंशांवर, अंशाला चार मिनिटे, म्हणून बेचाळीस. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, फिर घड़ी किसका है?” मी म्हटले, मिर्झापूरचे. वर्ग हसला, आणि त्यानंतर रेखांश कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत. हा प्रयोग कोणत्याही गावात करता येतो. पण ज्यांच्या अंगावरून रोज बेचाळीस मिनिटे जातात, त्यांच्या पुस्तकात त्याला एक ओळही नसावी?

याच पुस्तकात दुसरे एक वाक्य आहे: भारताचे सर्वांत दक्षिणेकडील टोक, इंदिरा पॉइंट, २००४ च्या त्सुनामीत पाण्याखाली गेले. वाक्य खरे आहे. त्या भूकंपात ग्रेट निकोबारचे ते टोक चार मीटरहून जास्त खचले, आणि इकडे उत्तर अंदमानचा किनारा सुमारे मीटरभर वर उचलला गेला. प्रवाळ उघडे पडून वाळून गेले. एकाच द्वीपसमूहाचे एक टोक बुडते आणि दुसरे वर येते, हे भूगोलाच्या शिक्षकाला दाखवायला मिळणे दुर्मीळ. पण ते ‘पोर्शन’मध्ये नाही.

नववीला आपत्ती व्यवस्थापनाचा प्रकल्प सक्तीचा असतो. आधीच्या मुलांचे प्रकल्प कपाटात पाहिले: रंगीत मुखपृष्ठ, दुकानातून छापून आणलेली भूजची आणि जपानची चित्रे, इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर. या वर्षी मी सांगितले, चित्रे नकोत, घरी जाऊन माणसांना विचारा. माझ्या वर्गातल्या मुलांपैकी कोणीही २००४ साली जन्मलेले नव्हते. सुट्टीहून ती वह्या भरून आली. एकाच्या आजीने सांगितले होते की रविवारची सकाळ होती, जमीन हलली तेव्हा चुलीवरचा भात सांडला आणि आधी तिला त्या भाताचाच राग आला. मग दिवसभर सगळे टेकडीवर, खाली कोणी उतरेना. एकाच्या वडिलांनी जेटीवरून पाणी मागे सरकताना पाहिले होते. ते पाहून पळायचे असते हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते, शेजारचा म्हातारा ओरडला म्हणून ते पळाले. आपत्ती व्यवस्थापनाचा आणखी कोणता धडा हवा? वरिष्ठांनी वह्या चाळल्या आणि म्हणाले, “चांगले आहे, पण चित्रे कुठे आहेत?” गुणदानाच्या तक्त्यात ‘सादरीकरण’ असा रकाना आहे, ‘आजी’ असा नाही.

असेच ‘स्थलांतर’ शिकवताना झाले. वर्गात प्रत्येकाने आपले घराणे कुठून आले ते आणायचे होते. बोरिशाल, खुलना, रांची, श्रीकाकुलम, केरळ, रामनाथपुरम. एका मुलाने ‘प्री-फॉर्टी टू’ एवढेच लिहून आणले. म्हणजे १९४२ मध्ये जपान्यांनी बेटे घेतली त्याआधीपासून इथले, बहुतेक जन्मठेपेच्या कैद्यांचे वंशज. त्याला त्यात काहीच वेगळे वाटत नव्हते. जपान्यांची ही साडेतीन वर्षे इथल्या जुन्या घरांत अजून दबक्या आवाजात सांगितली जातात. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांना जागा नाही. नकाशावर टाचण्या लावून झाल्यावर मुलांनी मलाही एक टाचणी दिली. महाराष्ट्रातून आलेली वर्गात मी एकटीच निघाले.

आणि इथल्या जारवा या आदिवासी जमातीविषयी. पोर्ट ब्लेअरला स्पर्धेसाठी मुलांना घेऊन जायचे तर खाडी फेरीबोटीने ओलांडायची आणि मग जारवा राखीव क्षेत्रातून ताफ्यानेच जायचे: ठरलेल्या वेळा, मध्ये थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. १९५६ पासून या जमातींच्या रक्षणाचा कायदा आहे. आमच्या बसमध्ये काही पर्यटक होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी मोबाइल खिडकीला लावला तेव्हा सातवीतला एक मुलगा उठून अगदी नम्रपणे म्हणाला, “अंकल, अंदर रखिए, केस होगा.” ते गृहस्थ मराठी होते. मी त्यांच्याशी मराठीत बोलले नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला मी हक्क आणि कर्तव्ये शिकवते, त्याचे उदाहरण पुस्तकात दुसरेच आहे.

आता ‘सगळ्यांना वेगळी पुस्तके दिली तर देशाचे तुकडे पडतील’ या भीतीबद्दल. पत्रलेखक महाराष्ट्रातच शिकले असतील, तर तिसरीत त्यांच्या हातात आपल्या जिल्ह्याचा भूगोल पडला असणार. ठाण्याच्या मुलाला ठाणे, साताऱ्याच्या मुलाला सातारा, प्रत्येकाच्या पुस्तकात आपला नकाशा, आपल्या नद्या, आपले तालुके. बालभारतीने हे वर्षानुवर्षे केले. त्यामुळे सातारकर आणि ठाणेकर एकमेकांना परके झाल्याचे ऐकिवात नाही. उलट चौथीत सगळे मिळून शिवाजी महाराज शिकले. जे तिसरीत चालते ते नववीत का चालू नये?

माझे मागणे त्याहूनही लहान आहे. पुस्तक एकच राहू द्या, लेखी परीक्षा एकच राहू द्या. सीबीएसईच्या नववी-दहावीत ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० शाळेच्या हातात असतात. त्या वीसांपैकी निदान दहा गुण ‘तुमच्या परिसराविषयी’ असे स्पष्ट छापून द्या, आणि ते कशाला द्यायचे हे शिक्षकाला ठरवू द्या. आज परिसराविषयी काही शिकवले तर ती हौस ठरते, आणि हौसेचा तास सर्वांत आधी कापला जातो. पावसाळ्यात तर विचारूच नका. इथे तो मेपासून डिसेंबरपर्यंत या ना त्या वाऱ्याने सुरूच असतो. वादळाची सूचना आली की बोटी बंद, सुट्टीला गेलेली मुले आपापल्या बेटावर अडकलेली, आणि ती परतली की बुडालेला पोर्शन भरून काढायला पहिला बळी माझ्या काठी-सावलीचा. गुण असतील तर तो तास टिकेल. पालकही विचारणार नाहीत की मॅडम आजीच्या गोष्टी कशाला लिहून घेतात.

गडचिरोलीत, मेळघाटात, पालघरच्या पाड्यांवर शिकवणाऱ्यांना या गुणांत काय बसवावेसे वाटेल, ते आपल्या याच सदरात वाचायला मिळाले तर बरे होईल. आमच्याकडे नेट चालू असले की मी अंक रोज उघडते.

आपली वाचक,
एक शिक्षिका, रंगत, मध्य अंदमान