फ्रेडरिक्टनहून परतल्यावर विनायकास पत्र

मॉन्क्टन, न्यू ब्रन्सविक
६ मे २०२५

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारले होतेस की बर्फावरून दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचे, या खेळात मी आणि माधवी गेले तीन हिवाळे इतके का रमलो आहोत. उत्तर लिहायला मी मुद्दाम थांबलो, कारण मिश्र दुहेरी कर्लिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २६ एप्रिलपासून फ्रेडरिक्टनला, म्हणजे आमच्यापासून गाडीने पावणेदोन तासांवर होणार होती आणि ती डोळ्यांनी पाहूनच तुला लिहावे असे मनात होते. शनिवारी, ३ मे रोजी अंतिम सामना पाहून आम्ही परतलो. इटलीच्या स्तेफानिया कोन्स्तान्तीनी आणि आमोस मोसानेर यांनी स्कॉटलंडच्या जेनिफर डॉड्स आणि ब्रूस मोआट यांना हरवून विजेतेपद मिळवले. इटलीला हे विजेतेपद प्रथमच मिळाले.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचे काहीच कळणार नाही. सुमारे ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त पाच मीटर रुंद अशी बर्फाची पट्टी असते. तिच्या दोन्ही टोकांना बारा फूट व्यासाचे वर्तुळ आखलेले असते, त्याला हाऊस म्हणतात आणि त्याच्या मधोमध असलेल्या छोट्या वर्तुळाला बटन. दगड ग्रॅनाइटचा असतो, वजन १७ ते २० किलोंच्या दरम्यान. ऑलिंपिकसारख्या मोठ्या स्पर्धांतले दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग नावाच्या एका निर्जन बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. बर्फ कॅरमच्या बोर्डासारखा गुळगुळीत नसतो. सामन्यापूर्वी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, त्यामुळे सगळा पृष्ठभाग बारीक खरबरीत होतो आणि दगड त्या गोठलेल्या थेंबांच्या माथ्यांवरून सरकतो. सोडताना दगडाला हाताने हलकेसे फिरवतात आणि मग तो वाट संपता संपता एका बाजूला वळत जातो. याच वळण्यावरून खेळाला कर्लिंग हे नाव पडले आहे. दगड टोकाला पोहोचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. एवढा वेळ प्रेक्षक गप्प असतात आणि खेळाडू मात्र ओरडत असतात.

आता तुला आणि मला जवळचे वाटेल ते. कॅरममध्ये स्ट्रायकर बोटावरून सुटला की आपले काम संपले. आंतरमहाविद्यालयीन दुहेरीत राणी घेतल्यावर कव्हर करताना माझा स्ट्रायकर दोन सुतांनी चुकला, तेव्हा समोर बसलेल्या तुला तो चुकताना दिसत होता. पण जोडीदाराने बोलायचे नाही, खूण करायची नाही, हा नियम. तुझा चेहरा तेव्हा अगदी स्थिर राहिला आणि त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. मिश्र दुहेरी कर्लिंगमध्ये याच्या बरोबर उलट होते. दगड हातातून सुटल्यानंतरच अर्धे काम सुरू होते. झाडूने दगडासमोरचा बर्फ जोरात घासला की तो किंचित ऊबदार होतो, घर्षण कमी होते आणि दगड काही मीटर अधिक लांब व अधिक सरळ जातो. चौघांच्या संघात दगड सोडणारा एक, झाडणारे दोघे आणि पलीकडे उभा राहून दिशा सांगणारा एक असतो. इथे माणसे दोनच, एक पुरुष आणि एक स्त्री. त्यामुळे ज्याने गुडघा टेकून दगड सोडला, तोच पुष्कळदा तसाच उठतो, दगडाला गाठतो आणि स्वतःच्याच चुकीवर झाडू चालवायला लागतो, तर जोडीदार पलीकडच्या टोकाहून ‘थांब’, ‘जोर लाव’ असे ओरडून सांगत असतो. मी स्वतः हे करताना पहिल्या हिवाळ्यात दम लागून खाली बसलो होतो आणि तरीही मला वाटले की आयुष्यात प्रथमच एखादा चुकलेला फटका माझ्या हातात परत दिला गेला आहे.

हा प्रकार नवाच आहे. चौघांच्या कर्लिंगला शतकांचा इतिहास असला तरी मिश्र दुहेरी २००२च्या कॉन्टिनेंटल कप स्पर्धेसाठी आखली गेली. तिची जागतिक स्पर्धा २००८ साली फिनलंडमध्ये व्हिएरुमाकी येथे सुरू झाली आणि पहिली दोन विजेतेपदे स्वित्झर्लंडने घेतली. ऑलिंपिकमध्ये ती २०१८ला प्योंगचांग येथे आली. नियम फार विचारपूर्वक केले आहेत. सामना आठ एंडांचा, म्हणजे आठ फेऱ्यांचा, प्रत्येक एंडात एका जोडीचे पाच दगड. एक जण पहिला आणि पाचवा सोडतो, दुसरा मधले तीन. शिवाय दोन्ही जोड्यांचा एकेक दगड आधीच मांडलेला असतो, एक हाऊसच्या पुढे अडसर म्हणून आणि एक हाऊसच्या आत. एंडातला चौथा दगड सोडला जाईपर्यंत कोणताही दगड खेळाबाहेर घालवता येत नाही. म्हणजे आल्याआल्या सगळे साफ करून टाकण्याची सोयच ठेवलेली नाही. दगड साचतात, गर्दी होते आणि दोघांना त्या गर्दीतून वाट काढावी लागते. शेवटचा दगड ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे ‘हॅमर’ आहे असे म्हणतात. चौघांच्या खेळात तो जपून ठेवण्यासाठी संघ मुद्दाम एंड कोरा, म्हणजे कोणालाच गुण न मिळता, सोडतात. इथे तसे केले तर पुढच्या एंडात आधी कोणी टाकायचे हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्या जोडीला मिळतो, म्हणून कोरा एंड कोणालाच परवडत नाही. सामन्यात एकदाच घेता येणारा ‘पॉवर प्ले’ही असतो, त्यात मांडलेले दगड मधून काढून कडेला ठेवतात आणि मधली वाट मोकळी होते. तो कधी घ्यायचा यावरून आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तास तास चर्चा होते.

पण मला खरे लिहायचे आहे ते जोड्यांबद्दल. नॉर्वेचे क्रिस्तिन स्कास्लिएन आणि माग्नुस नेद्रेगोत्तेन हे पतिपत्नी आहेत. स्वीडनचे इसाबेला आणि रास्मुस व्रानो हे बहीणभाऊ, त्यांनी २०२४ची जागतिक स्पर्धा जिंकली. स्वित्झर्लंडचे येनी पेरे आणि मार्टिन रिओस पूर्वी खऱ्या आयुष्यातही एकत्र होते. ते नाते संपले, तरी त्यांनी खेळ सोडला नाही आणि २०१८च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. ज्या माणसाशी घर मोडले, त्याच्याच आवाजावर भरवसा ठेवून बर्फ घासत राहणे मला जमले असते का, याचा मी पुष्कळदा विचार करतो. डॉड्स आणि मोआट लहानपणापासूनचे मित्र आहेत, त्यामुळे शनिवारी मला सारखी आपली आठवण येत होती.

त्या दोघांविषयी थोडे अधिक सांगतो. २०२१ साली ॲबर्डीनला ते जागतिक विजेते झाले. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते ग्रेट ब्रिटनच्या नावाने खेळले, कारण जागतिक स्पर्धेत स्कॉटलंड स्वतंत्र असते आणि ऑलिंपिकमध्ये नसते. तिथे कांस्यपदकाच्या सामन्यात स्वीडनकडून हरून ते चौथे आले. त्यानंतर दोनच आठवड्यांत डॉड्सने महिला संघाबरोबर सुवर्ण आणि मोआटने पुरुष संघाबरोबर रौप्य मिळवले. या वर्षी मोआट एप्रिलमध्ये पुरुषांची जागतिक स्पर्धा जिंकून लगेच फ्रेडरिक्टनला आला होता. इतके सगळे पदरात असलेली जोडी शनिवारी हरली आणि तिने प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन केले. कर्लिंगमध्ये गुण कोणाचे हे बहुतेक वेळा खेळाडूच आपसांत ठरवतात. फारच जवळचे प्रकरण असेल तरच मोजमापाला पंचांना बोलावतात.

इटलीच्या जोडीची गोष्ट बीजिंगपासून सांगायला हवी. फेब्रुवारी २०२२मध्ये ती दोघे तिथे गेली तेव्हा कोन्स्तान्तीनी २२ वर्षांची होती, कोर्तिना दाम्पेत्सो या डोलोमाइट पर्वतातल्या गावची. मोसानेर त्रेन्तिनोतल्या चेंब्राचा, तेही एक लहान गाव. इटलीला तोपर्यंत कर्लिंगमध्ये एकही ऑलिंपिक पदक नव्हते. दहा जोड्यांच्या साखळीत त्यांनी नऊच्या नऊ सामने जिंकले. त्यांतला कॅनडाविरुद्धचा सामना जादा एंडापर्यंत गेला आणि ८-७ असा सुटला, त्या पराभवाने कॅनडा स्पर्धेबाहेर गेला. उपांत्य सामन्यात स्वीडनवर ८-१, अंतिम सामन्यात नॉर्वेवर ८-५. अकरापैकी अकरा. त्या वेळी मी नुकताच इथे आलो होतो, बाहेर उणे वीस होते, आणि भाड्याच्या खोलीत एकट्याने तो अंतिम सामना पाहिला. नॉर्वेने पहिल्याच एंडात दोन गुण घेतले तरी कोन्स्तान्तीनीच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही आणि अर्ध्यापर्यंत इटली पुढे निघून गेली होती. कर्लिंग शिकायला जाण्याचे मी त्या दिवशी ठरवले.

त्याच स्पर्धेतल्या ऑस्ट्रेलियाच्या ताली गिल आणि डीन ह्यूइट यांना मी विसरू शकत नाही. कर्लिंगसाठी बांधलेली एकही खास जागा ज्या देशात नव्हती, त्या देशाची ही ऑलिंपिकमधली पहिली जोडी. पहिले सातही सामने ती हरली. मग गिलच्या कोविड चाचणीचा घोळ झाला, परत जायचे असे ठरले, सामान भरून झाले आणि ऐनवेळी खेळायची परवानगी आली. त्या एका दिवसात त्यांनी स्वित्झर्लंडला हरवले आणि नंतर कॅनडालाही. पदकाशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही सांगतो, त्या संपूर्ण स्पर्धेतला माझा सर्वांत आवडता दिवस तोच.

फ्रेडरिक्टनला वीस देशांच्या जोड्या होत्या. ज्या बर्फगृहात सामने झाले त्याला विली ओ’री यांचे नाव दिलेले आहे. ते याच शहराचे, आणि १९५८ साली नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. प्रवेशद्वारापाशी ते नाव वाचून आम्ही दोघे थोडा वेळ थांबलो. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. दूरदर्शनवर तो येतच नाही. दगड बर्फावरून जाताना लांबून गडगडणाऱ्या जात्यासारखा ऐकू येतो आणि दगडावर दगड आदळला की घणाचा ठोका पडल्यासारखे होते. मोसानेर उंच आणि धिप्पाड आहे; तो झाडूवर सगळे वजन टाकून वाकतो तेव्हा दगडाची चाल बदललेली डोळ्यांना दिसते. कोन्स्तान्तीनी दगड सोडताना मागच्या पायाचा आधार सुटल्यानंतरही एवढी स्थिर राहते की माधवीने माझा हात धरून ‘तिचा खांदा पाहा’ असे दोनदा म्हटले. दोघे सतत बोलत होते. इटालियन मला येत नाही, पण आवाजाच्या चढउतारावरून दगड कमी पडतो आहे की जास्त जातो आहे हे चौथ्या एंडापर्यंत आम्हाला समजायला लागले होते. कधी एकाने चुकीचा अंदाज सांगितला तरी दुसरा तोंडातून शब्द न काढता पुढच्या दगडाच्या तयारीला लागायचा. मला तुझा तो स्थिर चेहरा आठवला, असे लिहिले तर तुला अतिशयोक्ती वाटेल, पण ते खरे आहे.

आता तुझ्यासाठी एक काम. पुढचे हिवाळी ऑलिंपिक मिलानो आणि कोर्तिना येथे आहे आणि मिश्र दुहेरी कर्लिंग ४ फेब्रुवारी २०२६ला, उद्‌घाटनाच्याही दोन दिवस आधी सुरू होईल. सामने १९५६च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या कोर्तिनाच्या बर्फगृहात होणार आहेत. म्हणजे कोन्स्तान्तीनी आपले सुवर्णपदक राखायला स्वतःच्या गावात उतरेल. फेब्रुवारीत कोर्तिनाची वेळ भारतापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथल्या संध्याकाळी सातच्या सामन्याला तुझ्याकडे मिरजेत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील आणि माझ्याकडे दुपारचे दोन. मी दूरध्वनी चालू ठेवीन. तू नुसता दगड पाहू नकोस, दगड सोडल्यानंतर सोडणारा काय करतो ते पाहा.

अण्णा-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जुना कॅरम बोर्ड अजून माळ्यावर असेल तर डिसेंबरात आल्यावर खाली काढू.

तुझा,
अविनाश