ग्लेंडालॉकचा 'डिअर स्टोन'

महोदय,

आयर्लंडला जाणारे आपले बहुतेक पर्यटक विक्लो काउंटीतल्या ग्लेंडालॉकचा गोल मनोरा बघतात, फोटो काढतात नि परततात. नदीपलीकडचा 'डिअर स्टोन' राहूनच जातो. ग्रॅनाइटच्या धोंड्यात कोरलेला, आतून गुळगुळीत असा खळगा. अशा दगडांना तिकडे 'बुलॉन' म्हणतात. आई गेलेल्या जुळ्यांसाठी हरिणी या खळग्यात दूध सोडून जाई, अशी इथला मठ स्थापणाऱ्या संत केविनची आख्यायिका आहे. बुलॉनमध्ये साचलेल्या पावसाच्या पाण्याने चामखीळ जाते, हाही जुना समज. मला त्या पाण्यात कुजकी पानं आणि नाणी दिसली. नाणी कशाला टाकायची? तांब्याच्या गंजाचे डाग दगडावर पडतात. हवं तर नवस बोला, पण सुटे पैसे खिशातच राहू द्या. आणि हो, बूट चांगले न्या. गवत ओलं असतं.

– एक वाचक