शेजारच्या वहिनींना, ड्रॉपडाऊनबद्दल

वहिनी, तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही "असू दे की भावजी, एवढं काय त्यात" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितोय, आता बदला विषय.

आमचं बेळगावातलं खानापूर रोडचं बी-बियाणांचं दुकान, बिलाचा फॉर्म मीच पीएचपीत बनवलेला, आणि त्यात गावाची लिस्ट म्हणजे साधा सिलेक्ट, म्हणजे एचटीएमएलचा नेहमीचा ड्रॉपडाऊन, तीनशेच्या आसपास गावं इंग्रजी स्पेलिंगने खाली-खाली लावलेली. काउंटरला बाबा बसतात. गिऱ्हाईक येळ्ळूरचं आलं की बाबा माऊसचं चाक फिरवत-फिरवत तळापर्यंत जाणार, मधेच हात सुटला की परत वरनं सुरू. साध्या सिलेक्टमध्ये टाईप केलं तर ते नावाच्या सुरुवातीपासूनच जुळवतं, मधलं अक्षर टाकून चालत नाही, आणि बाबा तर मराठीत टाईप करणार, लिस्ट इंग्रजीत! सीझनला दुकानात रांग लागायची आणि बोलणी मी खायचो.

मग मी सिलेक्टटू, म्हणजे ड्रॉपडाऊनला सर्चची पेटी देणारं तयार प्लगिन, टाकायला घेतलं, दोन ओळींचं काम असं वाटलेलं. दोन दिवस गेले. ब्राउझरच्या कन्सोलला, जिथं एरर दिसतात तिथं, एकच रडगाणं, सिलेक्टटू इज नॉट अ फंक्शन. तुम्ही बेंगळुरूच्या कंपनीची मीटिंग म्यूट करून आलात, पेजचा सोर्स उघडून वरनं खालपर्यंत बघितलात आणि म्हणालात, जेक्वेरी (सिलेक्टटू जिच्यावर चालतं ती जावास्क्रिप्ट लायब्ररी) दोनदा का घेतलीय? फुटरमध्ये कधीतरी कुठल्या तरी टेम्प्लेटमधनं दुसरी जेक्वेरी आलेली, ती नंतर लोड होऊन पहिलीवर बसायची आणि पहिलीला जोडलेलं सिलेक्टटू गायब. एक ओळ काढली, चाललं. मला त्या दोन दिवसांची लाज वाटली, तुम्ही हसला पण नाहीत, ते लक्षात आहे.

'नवीन गिऱ्हाईक' ची पॉपअप खिडकी तर अजून वेगळीच. बाहेर सर्च चालायचा आणि पॉपअपमध्ये पेटी उघडायची, कर्सर मात्र आत जायचाच नाही, किती पण क्लिक करा. मला वाटलं कीबोर्डच गेला. तुम्ही सांगितलात की सिलेक्टटू आपली पेटी पेजच्या बॉडीला चिकटवतं आणि बूटस्ट्रॅपचा मोडल, म्हणजे तीच पॉपअप खिडकी, आपल्या बाहेरच्या कशालाच फोकस घेऊ देत नाही, म्हणून पेटीच मोडलच्या आत उघडायला सांगायचं, त्यासाठी ड्रॉपडाऊनपेरेंट नावाचं सेटिंग द्यायचं. कोड तुम्ही सांगितला नाहीत, शब्द सांगितलात आणि "आता शोध" म्हणून चहा टाकायला गेलात. राग आलेला खरं सांगतो.

पण हे सगळं कोणीही सांगितलं असतं. खरे आभार पुढच्या गोष्टीचे आहेत. सगळं चालायला लागलं म्हणून मी खुशीत, आणि तुम्ही म्हणालात, आधी एक तास काउंटरला बसून बघू या लोक काय म्हणतात ते. बसलात पण, स्टूल घेऊन, वही घेऊन. बाबा 'सौंदत्ती' लिहिणार, कामावरचा पोरगा कन्नडमध्ये 'सवदत्ती', मी इंग्रजीत. हलशीचं हलसी, चिकोडीचं चिक्कोडी. तासाभरात तुमच्या वहीचं पान भरलं, आणि माझ्या लिस्टीत प्रत्येक गावाला एकच नाव!

मग तुम्ही लिस्टीतल्या प्रत्येक ऑप्शनला डेटा-एलियस, म्हणजे न दिसणारी पर्यायी नावं, जोडायला लावलात, त्यात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही नावं, आणि सिलेक्टटूला आपला मॅचर, म्हणजे जुळवणारं फंक्शन, द्यायला शिकवलात, म्हणजे टाईप केलेलं अक्षर दिसणाऱ्या नावात नाहीतर एलियसमध्ये कुठंही सापडलं की ते गाव दाखवायचं, नाहीतर नल, म्हणजे काहीच नाही, परत. माझ्या पहिल्या मॅचरने पेटी उघडली की लिस्टच यायची नाही, कारण काहीच टाईप केलं नसेल तर सगळं तसंच परत द्यायचं हे मी विसरलेलो. आणि व्हॅल्यूमध्ये, म्हणजे बिलात सेव्ह होतं त्यात, गावाचं नाव नको, नंबर ठेव, हे पण तुमचंच. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, आमच्या जुन्या बिलांत दोन्ही पडलेत, दोन वेगळी गावं असल्यासारखी. बोर्डावर काय लिहायचं तो वाद बाहेर चालू दे, आमच्या फॉर्मला आता काही फरक पडत नाही.

तुम्ही धारवाडकडच्या, लग्नानंतर मराठी शिकलात, आणि माझ्या गावांची कन्नड नावं माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्या हाताने टाईप केलीत. मी जन्मापासून इथंच, मला कन्नड वाचायला येतं, लिहायला गेलो की जोडाक्षरात अडकतो.

परवा बाबांनी 'कंग्राळी' लिहिलं, बुद्रुक आणि खुर्द दोन्ही समोर आली. बाबांनी गिऱ्हाइकाला विचारलं, बी.के. का के.एच., आणि एंटर दाबला. माझ्याकडे बघितलं पण नाही. म्हणजे आवडलं.

पैसे तुम्ही घेणार नाही, कुंद्याचा डबा घरी ठेवलाय, दादाने एकट्याने संपवू नये एवढं बघा. अजून चाळीसेक गावांची कन्नड नावं रिकामी आहेत, रविवारी फाईल घेऊन येतो, चहा टाकून ठेवा.